झोपलेलं झुडूप आणि चावीवाला

सिस्टरांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी नवऱ्यासकट सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. नवऱ्याने बायकोला सिस्टर म्हणावं, यावर लोक हसून हसून दमले, पण सवय ती सवय. नवरा पाणीखात्यात चावीवाला होता. त्याने चावी फिरवली की गल्लोगल्ली नळांना पाणी यायचं आणि बायका त्याला दुवा द्यायच्या. असा माणूस घरी बसला की काय करणार? दिसेल त्याला पाणी घालत सुटला.

आणि सिस्टरांनी नेमकं लावलं होतं मागच्या टेकडीवरचं जांभळ्या फुलांचं झुडूप. टेकडीवर आता ते औषधालाही उरलेलं नाही. उन्हाळ्यात ते पानं टाकतं आणि काटकी होऊन झोपतं. झोपेत पाणी मिळालं की मुळं कुजतात, खेळ खलास. बियांपासून वाढवलेली सगळी रोपं नवऱ्याने अशीच, निव्वळ दयेपोटी, मारली. हे एकच उरलं होतं, आणि बीही संपलं होतं.

सिस्टरांनी समजावलं, अबोला धरला, शेवटी बादलीच लपवली. नवरा मान डोलवायचा आणि त्या आंघोळीला गेल्या की चहाच्या पातेल्याने पाणी घालून यायचा. तहानलेलं त्याला बघवत नसे.

रडक्या पोरांना गप्पांत गुंतवून सुई टोचण्यात जन्म गेलेली बाई ती. नवरा केस कापायला गेल्यावर त्यांनी आळं उकरलं, तळाशी जाड प्लॅस्टिक अंथरून खोडाशी घट्ट गुंडाळलं, उताराच्या बाजूने एक जुनी नळी मिरच्यांच्या वाफ्यात काढली आणि वर माती लोटली. दुसऱ्या दिवसापासून नवरा पाणी घाली झुडपाला आणि माजत मिरच्या. हाताला गुण असावा लागतो, असं तो शेजाऱ्यांना सांगे. सिस्टर मिरच्यांची देठं खुडत गंभीरपणे हो म्हणत.

एक दिवस त्या बाजारातून आल्या, तर आळं उकरलेलं आणि नवरा नळी हातात धरून उकिडवा बसलेला. त्यांना वाटलं, आता हा रागाच्या भरात काटकी उपटतोय की काय.

"सिस्टर, हा सांधा तू केलास?"

"हो."

"कशाने?"

"बँडेजच्या पट्टीने."

"तरीच गळतोय. खाली बघ, सगळा चिखल. आमच्या खात्यात असलं काम केलं असतंस ना, तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं तुला."

सिस्टरांनी पिशवी टाकून चिखलात हात घातला. मूळ अजून टणक होतं.

बायकोने फसवलं याचं नवऱ्याला काहीच वाटलं नाही. गळतीचं मात्र फार लागलं. संध्याकाळच्या आत त्याने नळी झुडपापासून काढून थेट नळाला जोडली, पक्क्या पट्ट्या आवळल्या, लिंबाकडे फाटा काढला आणि मधे पितळी चावी बसवली. आज मिरच्या, उद्या लिंबू, अशी बागेला पाळी लागली. शेजाऱ्यांना बोलावून त्याने चावी फिरवून दाखवली. या धांदलीत काटकीची त्याला आठवणच राहिली नाही, आणि सिस्टरांनी ती करून दिली नाही.

उन्हाळा उतरताना, अंगावर एक पान नसलेलं ते झुडूप जांभळ्या फुलांनी गच्च भरलं, तेव्हाही तो चावीपाशीच बसला होता. मान वर करून बघत राहिला. मग जरा दुखावल्या आवाजात म्हणाला, "याला पाणी कोण घालत होतं?"

"कुणीच नाही," सिस्टर म्हणाल्या, आणि हसू लपवायला आत निघून गेल्या.