शेठचं नाक

सन दोन हजार तेवीस, मला एकाहत्तरावं लागलं होतं. बारामतीच्या मार्केट यार्डात खरबुजाचे एक व्यापारी हायेत. फळ देठाशी हुंगायचं, डोळे मिटायचे, "आबा, साखर हाय," म्हणायचं आणि मगच भाव बोलायचा, ही त्यांची रीत. पैसे दुसरीकडंबी मिळतात, पण तेवढ्या शब्दासाठी मी माल त्यांच्याकडंच नेतो.

त्या दिवशी शेठ लांबूनच घमघमत होते. जावयानं परदेशी सेंट दिलेला.

"पंधरा हजाराची बाटली हाय, आबा. वसूल वाटती का?"

"एवढ्यात शेळी आली असती, शेठ. दूध तरी दिलं असतं."

शेठ हसले. माझं खरबूज उचलून हुंगलं, हात धोतराला पुसून परत हुंगलं, आणि त्यांचं तोंडच उतरलं. "सेंटाशिवाय दुसरा वासच येईना. पण तुमचा माल, गोडच असणार," म्हणले आणि सगळ्यांत चढा भाव दिला.

घरी आलो. न हुंगता दिलेला भाव मला भिकेसारखा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच एक खरबूज घेऊन जळोचीला त्यांच्या दारात गेलो. शेठ टॉवेलावरच बाहेर आले. म्हणलं, "सेंट लावायच्या आत हुंगा."