हगवण डॉक्टरांची परीक्षा

पंगतीत बसल्यावर, पानात बुंदी पडत असताना, शेजारच्याला ‘घरात कोणाला हगवण लागली होती का?’ असं विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे डॉक्टर. शिरड शहापूरच्या बाजूला एका गावातल्या सरकारी दवाखान्यात ते डॉक्टर होते आणि मी नर्स. त्यांचं खरं नाव सांगितलं तर गावकरी विचारात पडायचे. ‘हगवण डॉक्टर’ म्हटलं की लहान पोरगंही दवाखान्याचा रस्ता दाखवायचं. कळमनुरीला माझ्या भाचीच्या लग्नात तर त्यांनी नवरदेवालाच हा प्रश्न केला. नवरदेवानं घाबरून आईकडे पाहिलं, आईनं माझ्याकडे. मी पाणी आणायच्या निमित्तानं उठले ती मांडवाबाहेरच जाऊन उभी राहिले.

डॉक्टर जवळच्याच एका तांड्यातले. त्या तांड्यातून डॉक्टर झालेला पहिला माणूस. पँटला इस्त्री नसायची, चपलेचा अंगठा कायम तुटलेला असायचा आणि मोटारसायकल उतारावरच सुरू व्हायची. गावात फिरताना कुठल्या घरातून ‘सगळं बराबर हाय’ असं उत्तर आलं की मी पुढच्या दाराकडे वळायचे. हे मात्र उंबऱ्यावर बसकण मारायचे. ‘सगळं बराबर हाय म्हणले की बसून घ्यावं, सिस्टर. चहा उकळंपर्यंत खरं निघतं.’ खरं निघायचंही. पण तोवर माझी दुपार वाया गेलेली असायची आणि पोटात गुळाचा काळा चहा डुचमळत असायचा.

हिंगोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, त्या सुमारास डॉक्टरांच्या डोक्यात पुढं शिकायचं भूत शिरलं. चाळिशी उलटलेली, घरात मुलगी बारावीला, आणि साहेब अभ्यासाला निघाले. बरं, हाडाचं नाही, हृदयाचं नाही. सार्वजनिक आरोग्याची पदवी. सासऱ्यांचा हिंगोलीत हळदीचा व्यापार होता. त्यांना वाटलं होतं, जावई आता स्टेशन रोडला दवाखाना टाकेल. त्यांनी विचारलं, ‘हे शिकून तुमी कशाचे डॉक्टर व्हणार?’

‘ज्याला काही झालं न्हाई त्याचा,’ डॉक्टर म्हणाले.

‘मंग पेशंट येणार कुठून?’

‘येऊच नये म्हणून तर शिकून राहिलो.’

सासऱ्यांनी त्यानंतर बरेच दिवस जावयाशी बोलणं टाकलं, आणि खरं सांगायचं तर माझी सहानुभूती सासऱ्यांकडे होती.

अर्जात एक पान भरून लिहायचं होतं, की हे शिक्षण तुम्हाला का हवं. बाकीच्यांनी म्हणे देशसेवेवर निबंध लिहिले. डॉक्टरांनी एकच ओळ लिहिली: ‘त्याच घरात तीच हगवण पुन्हा पुन्हा बरी करून कंटाळलो आहे.’ मी म्हटलं, सर, निदान शेवटी ‘आपला विश्वासू’ तरी नीट लिहा. त्या ओळीवर त्यांना पुण्याच्या संस्थेत मुलाखतीला बोलावलं आणि सीटही दिली. पुण्याची माणसं चक्रम असतात हे मी ऐकून होते, त्या दिवशी खात्री पटली.

तिथं वर्गातली पोरं त्यांना काका म्हणायची. संख्याशास्त्र त्यांना काही केल्या उमजेना. मेसच्या आचाऱ्याला ‘हात धुतले का?’ असं रोज विचारल्यामुळे आचाऱ्यानं त्यांना वाढायचं बंद केलं होतं, म्हणून सुट्टीत आले की अधाशासारखे जेवायचे आणि जेवता जेवता हगवणीबद्दलच बोलायचे.

शेवटच्या वर्षी प्रबंध लिहायचा होता. विषय अर्थातच तो. घरोघर जाऊन विचारायचं: पाणी कुठलं पिता, हात कशानं धुता, संडास आहे का, लेकरू आजारी पडलं का, दगावलं का. डॉक्टरांनी स्वतःचाच तांडा निवडला आणि सुट्टीच्या दिवशी सोबत म्हणून मला ओढलं.

पहिल्या घरात म्हातारा म्हणाला, पाणी उकळूनच पितो. हात साबणानंच धुतो. आजार? न्हाई बा. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच, त्याच शब्दांत, पाढा म्हटल्यासारखं. डॉक्टरांची छाती फुगत चालली. ‘बघा सिस्टर, इतकी वर्षं बोंबललो, त्याचं चीज झालं.’ मी म्हटलं, ‘सर, सगळे संडास वापरतो म्हणतात, पण अख्ख्या तांड्यात संडास कुठंय?’

‘असंल मागच्या अंगाला.’

मागच्या अंगाला बाभळी होत्या. पण कौतुकानं आंधळ्या झालेल्या माणसाशी कोण वाद घालणार? मी लिहीत गेले.

राहिलं त्यांचं स्वतःचं घर. आपल्या घरी आपण विचारायचं नाही, असा त्यांच्या पुण्याच्या सरांचा दंडक. म्हणून मी त्यांच्या आईसमोर बसले. तांड्यात आईला याडी म्हणतात. आम्हीही त्यांना याडीच म्हणायचो. डॉक्टर अंगणात शेळीच्या पायात गुंतलेलं दावं सोडवत होते. पाणी उकळून, हात साबणानं, सगळं यथासांग झालं. मग मी विचारलं, ‘या घरात कधी लहान लेकरू हगवणीनं दगावलं का?’

‘न्हाई,’ याडी म्हणाली. ‘आमच्या घरात न्हाई गेलं कोणी.’

अंगणातले हात थांबले. डॉक्टर दारात आले. ‘याडी, आन् कमळी?’

याडीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू पोरगं ऐन परीक्षेत गडबड करून राहिलंय. ‘गप बस की. नाईकानं सांगितलंय सगळ्यायला. तू नापास व्हशील ना, लेकरा.’

मग उलगडा झाला. तांड्याचा नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख. त्याचा शब्द कोणी मोडत नाही. आपल्या डागदराची परीक्षा आहे आणि प्रश्न आपल्याला विचारणार आहेत, हे कळताच नाईकानं सगळ्यांना बसवून उत्तरं ठरवून दिली होती: चांगल्या गोष्टीला व्हय म्हणायचं, आजाराला न्हाई. एकानंही चुकायचं नाही, पोराच्या जिंदगीचा सवाल आहे.

कमळी डॉक्टरांची धाकटी बहीण. ते शाळेत असताना हगवणीनं गेली. हिंगोलीला नेताना, बैलगाडीत, त्यांच्या मांडीवर. हे मला त्या दिवशी कळलं. मला बुंदीची पंगत आठवली, आणि मी उठून मांडवाबाहेर गेले होते तेही.

ते कागद तसेच दिले असते तर पदवी त्याच वर्षी हातात पडली असती. तांड्यात संडास नाही हे पुण्यात बसून कोणाला दिसणार होतं? मी तसं बोलूनही दाखवलं. डॉक्टर म्हणाले, ‘कमळी नव्हतीच असं लिहून देऊ? मंग ती पदवी घेऊन करू काय, सिस्टर?’ आणि सगळा गठ्ठा याडीच्या चुलीत गेला.

नाईकाला हे कळल्यावर तो फार दुखावला. ‘आमी पैकीच्या पैकी मार्क दिले व्हते! काहून फेकले?’ डॉक्टरांनी सांगितलं, मार्क नकोत, खरं पाहिजे. नाईकानं पुन्हा बैठक घेतली. पुढच्या खेपेला आम्ही गेलो तर सगळा तांडा आजारी. प्रत्येक घरात हगवण, प्रत्येक घरात मयत; निजामाच्या काळात पटकीनं गेलेले पणजेसुद्धा लोकांनी उकरून काढले. एका धडधाकट गड्यानं तर माझ्यासमोर पोट धरून दाखवलं. मला हसू आवरेना आणि डॉक्टरांना रडू.

शेवटी त्यांनी पेन खिशात घातलं. पुण्याला कळवून टाकलं की यंदा जमत नाही. आणि एकेका उंबऱ्यावर जाऊन बसले. चहा उकळेपर्यंत. पहिल्यांदा बसले ते स्वतःच्याच घरी. याडीनं चहा ठेवला. मग कमळीला कुठल्या डबक्याचं पाणी पाजलं होतं ते तिनं सांगितलं, आणि ती इतक्या वर्षांचं साठलेलं रडली. तिचं ऐकून शेजारची बोलली. तिचं ऐकून पलीकडची. जवळजवळ प्रत्येक घरात एक कमळी होती. तो सगळा हिवाळा त्यातच गेला.

बरोबरची पोरं पदव्या घेऊन नोकरीला लागली. सासऱ्यांनी हिंगोलीच्या मोंढ्यात, भर धान्यबाजारात, सांगून टाकलं, जावई नापास झाला. डॉक्टर पुढच्या वर्षी पास झाले. तांड्यात सत्कार झाला तेव्हा हार घालताना नाईक म्हणाला, ‘पहिल्या खेपेलाच दिलेले मार्क घेतले असते तर एक साल वाचलं असतं.’ त्याला ते शेवटपर्यंत पटलं नाही. ज्या डबक्याचं पाणी कमळीला पाजलं होतं, त्याच्यावर माती टाकायला मात्र पहिलं फावडं त्यानंच उचललं.

पुढं डॉक्टरांची बदली कोकणात कुठंतरी झाली. याडी काही तांडा सोडून गेली नाही. जाताना त्यांनी माझा निरोप घेतला तो असा: ‘घरात कोणाला हगवण?’ मी म्हटलं, ‘नाही, सर.’ ते बसले. मला चहा ठेवावाच लागला. चहा उकळता उकळता मी म्हणाले की तुमच्याशिवाय या दवाखान्यात मला करमणार नाही. ‘बघा,’ ते म्हणाले, ‘निघालं ना?’

त्यानंतर एकदा नव्या डॉक्टरीणबाईंबरोबर मी त्या तांड्यात गेले. बाई घाईत होत्या, दारातूनच विचारून पुढं सरकत होत्या. याडी खूप थकली होती, ऐकू कमी येत होतं. बाईंनी ओरडूनच विचारलं, ‘आजी, घरात कधी लेकरू दगावलं का?’

‘व्हय,’ याडी म्हणाली. ‘कमळी.’

बाईंनी लिहून घेतलं आणि वळल्या. याडीनं पोतं पुढं सरकवलं.

‘उभ्या काहून? बसा. चहा ठेवते.’