देवीकडे पाठ

अगं शेवंते,

मी घर सोडलं त्या सकाळी आई देवळाच्या पायरीवरच थांबली. पुढे आली नाही. "पाय कुठेही नेतील, तोंड तेवढं देवीकडे ठेव गो," एवढंच म्हणाली. तू खांबामागे रुसून बसली होतीस, कारण घरातले नाचायचे बरे चाळ मी घेऊन चालले होते.

आता तूही पुण्याला यायचं म्हणतेस, म्हणून हे लिहवून घेते आहे.

इथे आल्यावर वर्षभर मी कसब्यातल्या खोलीत एकटीच तालीम करत होते. शेजारी तांबटांची ठोकाठोक, तोच माझा ताल. मग भाद्रपदात एका सरदारांच्या वाड्यातून गणपतीपुढे नाचायचं पहिलं बोलावणं आलं. हे हुकलं तर मुकाट्याने घाट उतरून गावी यायचं, हे ठाऊक होतं. चाळ बांधले, मृदंग वाजला आणि मी आपल्या देवळात करतो तेच केलं. मूर्तीकडे तोंड केलं आणि जीव ओतून नाचले. मागे दिवाणखानाभर मंडळी बसली होती, त्यांना सगळा वेळ माझी वेणी दिसली.

"बाई, पाठ छान आहे आपली," कारभारी शांतपणे म्हणाले. "तोंड गावी ठेवून आलात का?"

पुढच्या भाद्रपदापर्यंत मला कुणी विचारलं नाही. पण घाट उतरायची लाज वाटली, इथेच राहिले. रडले, मग शिकले. माणसांकडे बघून नाचायचं. कोण डोलतो, कोण जांभई देतो, कोण पानाच्या तबकाकडे वळला, सगळं टिपायचं आणि वर हसायचं. आता वाडे बोलावतात मला. पण धाकधूक काही जात नाही बघ. यंदा बोलावतील ना? गुडघा कुरकुरतोय, कुणाच्या ध्यानात येईल का? माझ्याहून तरुण मुली आल्यात. घास सुखाने उतरत नाही.

गेल्या जत्रेला गावी आले, तेव्हा काय झालं ते तू पाहिलंसच. आईने हौसेने देवीपुढे उभं केलं, मृदंग वाजला आणि मी आपसूक लोकांकडे वळले. देवीकडे पाठ! मेली मी आपली कोण जांभई देतंय ते बघत होते. आई रागावली असती तर बरं झालं असतं गं. ती उठली, लहानपणी वळवायची तसं खांद्याला धरून मला वळवलं आणि जागेवर जाऊन बसली. त्यानंतर मला पुढचं पाऊलच आठवेना.

ये तू, नको म्हणणार नाही. चाळ मात्र तुझे तू आण, हे मी देणार नाही.

रोज सकाळी मी दार लावून घेते, कोनाड्यातल्या देवीकडे तोंड करते आणि नाचते. तेवढ्यापुरती घरी असते. पण कान बोलावण्यासाठी दाराकडेच असतात. कडी वाजली नाही तर जीव घाबरा होतो, आणि वाजली की देवीकडे पाठ करून मीच धावत सुटते.