लिफ्टमधला जर्मन बाऊल

गुडगाव अजून गुरुग्राम झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. नवऱ्याला तिथल्या नव्या परदेशी कंपनीत नोकरी लागली आणि दिल्लीत मुनिरकातली भाड्याची जागा सोडून आम्ही एका टॉवरच्या सातव्या मजल्यावर राहायला गेलो. माझी नोकरी मात्र दिल्लीतल्या संग्रहालयात. घरी परतायला एकच चार्टर्ड बस. ती चुकली की मुलगी शेजारी ताटकळायची. असं दोनदा झाल्यावर नवरा म्हणाला, "आता पुन्हा ती शेजारी जेवली, तर नोकरी बंद." मीही तोऱ्यात "बरं" म्हणून बसले.

त्या संध्याकाळी एक जुना जर्मन बाऊल तळघरातून वरच्या दालनात न्यायचा होता. चिनी मातीचा, पांढराशुभ्र, गुलाबी फुलांचा, काठाची सोनेरी रेघ झिजलेली. हे काम माझ्या फार आवडीचं. घड्याळ, बांगड्या काढून ठेवायच्या आणि बाऊल दोन्ही हातांनी तळाशी धरायचा. शिपायाने मला लिफ्टचं बटण दाबून दिलं आणि तो जिन्याने निघाला. मधेच वीज गेली.

आधी हसू आलं, मग घाम फुटला. दार बडवायला हात मोकळा नाही. बाऊल खाली ठेवावा तर अंधारात माझाच पाय लागायचा. शेवटी फतकल मारून बसले, तो मांडीत घट्ट धरला आणि लाथांनी दार बडवलं. "अरे, कोई है?" ओरडून घसा बसला. बस सुटली असणार, हे घड्याळाशिवायही कळत होतं. मला त्या बाऊलचा भयंकर संताप आला. मेल्या, दोन-अडीचशे वर्षं टिकलास आणि माझी एक नोकरी टिकू देत नाहीस!

दार उघडलं तेव्हा आमच्या विभागप्रमुख मॅडमनी आधी बाऊल घेतला, ट्यूबलाइटखाली फिरवून पाहिला. "थँक गॉड, बिल्कुल ठीक है." मग त्यांना मी दिसले.

घरी पोचले तर मुलगी शेजारीच जेवली होती. भांडणाची सगळी तयारी मी वाटेत केली होती. नवऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं, पाठीवरून हात फिरवला.

"बाऊल सुखरूप आहे ना? मग झालं. किती दमतेस गं! सोड आता."

तो ओरडला असता तर मी नक्की लढले असते. त्याने खिचडी करून ठेवली होती. माझ्या ताटात वाढली, वर सढळ हाताने तूप घातलं, आणि मी नोकरी सोडायला मान डोलावली. त्या तुपाचा मला अजून राग येतो.