घरची दोन पोती हळद

गेल्या मंगळवारी सांगलीत, हळदीच्या गोदामात माझी चांगलीच गोची झाली...

मी मूळची विट्याची. सध्या जपानमध्ये शिकते आणि कॉलेज सांभाळून मसाल्यांच्या एका छोट्या कंपनीत पार्ट टाइम दुभाष्याचं काम करते. कंपनी म्हणजे सहा माणसं, मालक मोरिता सान धरून.

सुट्टीत मी घरी आले, तसे तेही मागोमाग हळद बघायला आले. हळदवाले काका मीच शोधलेले. सौदा फिसकटला असता तर काकांची ऑर्डर गेलीच असती, आणि माझ्या शब्दालाही पुन्हा कुणी विचारलं नसतं.

मोरिता सानना हळद बिनपॉलिशची हवी होती. घासली की वास जातो, हा त्यांचा हट्ट. मी काकांना फोनवर तीनदा बजावलं होतं... आणि पोती उघडली तर काय, एकेक हळकुंड लखलखतंय!

"अगं, परदेशातनं पाव्हणा येतोय, त्याला मळकट माल दावायचा व्हय?" काका उलट माझ्यावरच. "दोनदा पॉलिश मारलंय!"

मोरिता सान हळकुंड नाकाशी धरून वास शोधत होते. काका माझ्या कानाशी आले, "चुकून दुसरी पोती आली म्हन की. त्येला काय कळतंय?"

खरं सांगते, क्षणभर मोह झाला. एका वाक्यात सगळं निभावलं असतं... पण दोघांना एकमेकांचं म्हणणं खरंखरं कळावं, याचाच तर मला पगार मिळतो.

"आवं काका, जसं हाय तसंच सांगणार," म्हटलं आणि सांगून टाकलं. पाहुण्याचा मान, दोनदा पॉलिश, सगळं. थाप मारायचा सल्ला तेवढा गाळला... काकाच आहेत शेवटी.

काकांनी तोंड फिरवलं. मोरिता साननी एवढंच विचारलं, की काका स्वतःच्या घरी कोणती हळद खातात?

काका ओशाळले. "घरला व्हय? घरला बिनपॉलिशचीच. लय वास असतोय तिला. दोन पोती ठेवल्यात हितंच माडीवर."

मोरिता सान पहिल्यांदा हसले. माडीवरची पोती खाली आली, आणि त्या हळदीचा वास घेऊनच पुढच्या हंगामाची ऑर्डर पक्की झाली.

निघताना काका म्हणाले, "लय खडूस हायस पोरी... पर पुढच्या खेपंला बी तूच ये. तू सांगितलंस म्हंजी त्येच खरं."

एवढा विश्वास माझ्यावर अजून कुणी टाकला नव्हता. थँक यू, काका.