कलरबेनना न पटलेले रंग

जगातल्या बहुतेक रंगांबद्दल कलरबेनना तिरस्कार होता आणि तो लपवावा असं त्यांना कधी वाटलं नाही. समोर नवी साडी उलगडली की त्या मान किंचित मागे नेत आणि ताटात केस निघाल्यासारखा चेहरा करून म्हणत, "सरकारी दवाखान्याची भिंत." तो बिचारा पोपटी असायचा. एका गुलाबीला त्या "खोकल्याचं औषध" म्हणाल्या. ते नाव पेढीत इतकं रुळलं की पुढच्या हंगामात खुद्द शेठ फोनवर "वो खांसीवाला गुलाबी" मागताना मी ऐकले.

सुरतेत रिंग रोडच्या कापड बाजारात शेठची साड्यांची पेढी होती. मी तिथे इंग्रजी पत्रव्यवहार पाहायचे. कलरबेन मूळच्या धुळ्याच्या. एका मराठी शाळेत चित्रकला शिकवायच्या. स्नेहसंमेलनाच्या पडद्यासाठी मुख्याध्यापकांनी स्वतः रंग निवडला, तेव्हा बाई सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाल्या, "सर, तुम्ही गणितच शिकवा." त्यानंतर त्या शाळेत त्या फार दिवस राहिल्या नाहीत. शेठनी त्यांना एकाच डिझाइनचे निरनिराळे रंग ठरवायला आणि ते गिऱ्हाइकापुढे मांडायला ठेवलं. पेढीवरच्या गुजराती मंडळींनी त्यांची कलरबेन केली. मी मात्र त्यांना बाईच म्हणायचे.

त्यांची मांडण्याची एक पद्धत होती आणि ती मोडलेली त्यांना खपत नसे. डिझाइन दाखवायला एकच साडी पूर्ण उघडायची. बाकीच्या रंगांच्या साड्या एकसारख्या घड्या करून शेजारी-शेजारी ठेवायच्या. प्रत्येकीचा काठ, थोडा पदर आणि थोडं अंग त्याच जागी दिसलं पाहिजे. आणि सगळं सज्जातल्या उजेडात, ट्यूबलाइटखाली नाही. नागपूरचा एक व्यापारी एकदा अडून बसला, "सगळ्या उघडून दाखवा."

"कशाला?" बाई म्हणाल्या. "डिझाइन एकदा बघितलंत ना? आता फक्त रंग बघा. माणसाला एका वेळी एकच गोष्ट कळते. तुम्हाला तीही जरा उशिराच कळेल."

शेठ कपाळाला हात लावून बसले. व्यापाऱ्याने माल घेतला, आणि पुढच्या खेपेला आल्या आल्या "ती खडूस बाई आहे ना?" असं विचारलं. शिव्या खायला माणसं परत का येतात हे मला तेव्हा कळत नसे. आता वाटतं, बाजारात प्रत्येक जण या व्यापाऱ्यांच्या प्रत्येक निवडीला "वाह" म्हणत होता, आणि त्या वाहवेची किंमत त्यांनाही ठाऊक होती.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा शेठचा मुलगा नीरव कॉम्प्युटरचा कोर्स करून पेढीवर आला. आता परदेशातली गिऱ्हाइकं घरबसल्या साड्या घेणार, असं तो सांगू लागला. त्याने वेबसाइट बनवली. एक मुलगी लाल साडीत उभी, आणि खाली रंगीत चौकोनांची एक ओळ. चौकोनावर टिचकी मारली की त्याच मुलीची साडी हिरवी, निळी, जांभळी व्हायची. फोटो एकच काढलेला होता. बाकीचे रंग त्याने कॉम्प्युटरवर भरले होते. पेढीतली सगळी माणसं जादूचा खेळ बघावा तशी पडद्यापुढे गोळा झाली.

बाई मागे उभ्या होत्या. "काठाची जर निळी कशी झाली?" त्यांनी विचारलं.

खरंच झाली होती. रंग बदलताना काठाची सोनेरी जरही बदलली होती, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"एवढं कोण बघतं, बेन?" नीरव म्हणाला.

"तू बघत नाहीस हे दिसतंच आहे. आणि हे चौकोन कसले? बाईला साडी नेसायची असते, लुडो खेळायचा नसतो."

शेठनी मुलाची बाजू घेतली. बाई आपल्या जागी जाऊन बसल्या आणि कुणीही न विचारता मला म्हणाल्या, "शिकलेला गाढव परवडत नाही. तो आवाजही इंग्रजीत काढतो."

पुढे न्यू जर्सीहून एका मराठी बाईंची ऑर्डर आली. मुलीच्या लग्नात चुडा भरायच्या दिवशी नेसायला हिरवी साडी. पडद्यावर छान पानासारखा हिरवा दिसत होता. पेढीत त्या डिझाइनचा हिरवा होता तो बाटलीचा, गर्द, सावलीत काळाच वाटेल असा. तोच गेला. एका संध्याकाळी फोन वाजला आणि तो मी उचलला. त्या बाई रडत होत्या. लग्न तोंडावर आलं होतं, मुलीच्या आजीने खोकं उघडलं आणि साडी काळी आहे म्हणून हातातून टाकून दिली. दुसरी साडी तिथे कुठे मिळणार?

मी नीरवकडे पाहिलं. तो कॉम्प्युटरकडे पाहत होता. बाईंनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला.

"रडू नका, मला ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "हिरवा म्हणजे तुम्हाला कसा हवा होता?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं असावं.

"तिकडची कोथिंबीर मला सांगू नका, मी ती पाहिलेली नाही. माहेरचं काही आठवतंय का हिरवं? ... हां. केळीचं. जुनं पान की नवं? ... ऊन आरपार येतं तसं. आता बोललात." आणि त्यांनी फोन ठेवला.

तो रंग आमच्याकडे नव्हता. होता समोरच्या पेढीत, जिच्या मालाला बाई वर्षानुवर्षं "लग्नाच्या मांडवाचं कापड" म्हणत आल्या होत्या, तेही त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. बाईंनी पदर खोचला आणि जिना उतरून तिथे गेल्या. मी सोबत होते. तिथल्या मालकाने हसून विचारलं, "कलरबेन, आमच्याकडे? मांडव घालायचाय का?"

"आज गरज आहे," बाई म्हणाल्या. "हसून घ्या."

तो मनसोक्त हसला. बाई हात बांधून उभ्या राहिल्या आणि त्याचं हसणं संपल्यावर त्यांनी साडी मागितली. सज्जात नेऊन ती उन्हासमोर धरली, खालून पाहिली आणि तशीच कुरिअरला दिली. ती वेळेत पोचली. न्यू जर्सीहून मेल आली, की आजींनी साडी गालाला लावली आणि केळीचं पानच म्हणाल्या. मी ती वाचून दाखवली तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "मग हे ऑर्डर देतानाच सांगायला काय झालं होतं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी नीरवला कॅमेरा घेऊन गच्चीवर बोलावलं. आता प्रत्येक रंगाचा वेगळा फोटो निघणार होता, खऱ्या साडीचा, सकाळच्या उन्हात, एकाच घडीत. शिवाय प्रत्येक साडीशेजारी बाईंनी काही ना काही ठेवलं होतं. पिवळीजवळ लिंबू, जांभळीजवळ वांगं, तपकिरीजवळ चिंच. म्हणजे दूरच्या माणसाचा पडदा कसाही असो, लिंबू कसं दिसतं हे त्याला माहीत असतं.

"बेन, ही भाजीची लारी वाटेल," नीरव कुरकुरला.

"भाजीवाला निदान वांगं वांग्याच्या रंगाचं विकतो. तू फोटो काढ."

तक्रारी थांबल्या. नीरव बाजारभर ही कल्पना आपली म्हणून सांगू लागला. मला राग आला. बाईंना नाही. "चोरायला तरी चांगलं काय ते ओळखावं लागतं," त्या म्हणाल्या. "पोरगा सुधारतोय."

मग बाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही दिवसांनी त्या पेढीवर आल्या, काळा चष्मा काढला आणि गादीवरच्या पांढऱ्या चादरीकडे पाहत राहिल्या. एक डोळा हाताने झाकला, मग दुसरा. पुन्हा पहिला. मी पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"या डोळ्याने ही चादर पांढरी आहे," त्या म्हणाल्या. "आणि या डोळ्याने चहा सांडल्यासारखी. ऑपरेशनच्या आधी मी दोन्ही डोळ्यांनी चहाच बघत होते."

त्यांनी त्या हंगामाचे सगळे संच खाली काढायला लावले. ब्लाउजचे तुकडे साड्यांशेजारी ठेवून एकेका डोळ्याने तपासले. एक तुकडा त्यांनी काळा म्हणून लावला होता, तो गडद निळा निघाला. मोतिया म्हणून लावलेला शुभ्र निघाला. आम्हाला फरक जेमतेम दिसत होता.

कुणाला कळलंही नाही अशी समजूत घालत शेठ म्हणाले, "बेन, कोईने खबर नथी पडी."

"मला पडली ना."

नीरव जवळ येऊन बसला. त्या मुलाला इतक्या हळू आवाजात बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "बेन, साइटवरचे फोटो तर खरेच आहेत. तिथे तुमचे डोळे नाहीत, लिंबू आहे."

"लिंबूसुद्धा मीच निवडलं होतं," बाई म्हणाल्या. जन्मभर इतरांकडे ज्या नजरेने पाहिलं, तीच त्यांनी आता स्वतःकडे वळवली होती, आणि त्यात एक कणही सूट ठेवली नव्हती. त्याच दुपारी त्यांनी काम सोडलं. शेठनी खूप विनवलं. बाई म्हणाल्या, "उद्या तुम्ही मला गणित शिकवायला ठेवाल."

त्या बारडोलीला भाचीकडे राहायला गेल्या. पुढे माझं लग्न ठरलं तेव्हा एका दुकानातून दोन साड्या पसंतीवर आणून मी तिथे गेले. दुसऱ्याही डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. बाईंनी दोन्ही साड्या अंगणात नेल्या आणि बराच वेळ नुसत्या धरून उभ्या राहिल्या. आता त्या "दोन्ही छान आहेत" म्हणतील की काय, अशी मला भीती वाटली. मला वाटतं, ते ऐकून मी तिथेच रडले असते.

"सगळे रंग पुन्हा शिकावे लागतायत मला," अखेर त्या म्हणाल्या. "निळा तर मी अजून नीट ओळखतही नाही. पण ही दुसरी साडी ज्याने तुला दिली, त्याने तुला मूर्ख समजलंय."

मला इतकं बरं वाटलं की मी हसायलाच लागले.

"हसतेस काय? त्याचा अंदाज चुकलेला नाही. तासाभराचा प्रवास करून ती मला दाखवायला आणलीस."

त्यानंतर आमची भेट झाली नाही. लग्नात मी पहिली साडी नेसले. दुसरी परत करायला गेले तेव्हा दुकानदाराने घडी उलगडून पाहिली आणि काय खोट आहे म्हणून विचारलं. मी बाईंसारखी मान किंचित मागे नेली आणि त्या रंगाला नाव ठेवलं.