लंडनवाल्या आत्याची सुमन

आमची लंडनवाली आत्या खोटं इतकं सुरेख बोलायची की ऐकणाऱ्याला खऱ्याचा कंटाळा यावा. राहायची ती लंडनपासून पुष्कळ लांब. पण केजच्या आमच्या गल्लीला विलायत म्हणजे लंडनच. उभा जन्म तिकडे काढून ती कादंबऱ्या लिहायची, त्याही मराठीत, आणि त्यांतली माणसं सगळी आपल्या बीडकडची. तिकडच्या बर्फावर एक ओळ नाही. विचारलं तर म्हणायची, "बर्फाला बोलता येतंय का रे?"

भीती तिला एकच होती. आपली माणसं पुस्तकी बोलायला लागतील आणि आपल्याला पत्ताही लागणार नाही! म्हणून ही बाई दर वर्षी ऐन वैशाखात केजला येऊन घाम गाळायची. शेवया करायला आमच्या अंगणात बायका जमल्या की त्यांच्यात बसून नवं प्रकरण सांगायची. कादंबरीचं नाव काढायचं नाही, अशी मला सक्त तंबी. "आष्टीकडच्या एका घरातली गोष्ट हाय बाई," अशी सुरुवात. बायका हमरीतुमरीवर आल्या की प्रकरण पास. नुसत्याच "अगं बाई" म्हणाल्या की रात्रीतून फाडून टाकायची.

शेवटच्या खेपेला नायिका होती सुमन. आई नाही, बापाने नाव टाकलेलं, नवरा परागंदा आणि दिवस भरत आलेले. शेवयांबरोबर सुमनही लांबत गेली. शेजारच्या गंगाकाकूंना तर तिच्या काळजीने घास गोड लागेना. आत्या खुशीत. "जमलंय रे! आता बाळंत करते आणि शेवटी विहिरीत ढकलते," मला हळूच म्हणाली. मला ते मुळीच आवडलं नाही.

बाळंतपण सांगून झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात जीप उभी. आत गंगाकाकू, आणखी तिघीचौघी आणि मांडीवर बाळंतविडा: डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, झबली-टोपडी, जुन्या लुगड्याची मऊ दुपटी.

"चल, घर दाखव तिचं," काकू म्हणाल्या. "तिला म्हायेर न्हाई म्हनून काय झालं? आमी हाव की."

आत्याचा चेहरा उतरला. "गंगावहिनी, सुमन न्हाईच हो कुठं. मी रचलेली हाय ती."

"मंग आमी रडलो कावून?" एवढंच विचारून काकू उतरल्या आणि घरी निघून गेल्या.

त्यानंतर अंगणात कुणी फिरकेना. आपलं लिहिणं इतकं खरं वाटलं, म्हणून दुसरी एखादी लेखिका मिरवत हिंडली असती. हिला शेवट सुचेना, जेवण जाईना. "माझंच म्हायेर तुटलं रे," म्हणाली, तेव्हा मी जाऊन कादंबरीचं, विहिरीचं सगळं गंगाकाकूंच्या कानावर घातलं.

ती निघाली त्या दिवशी स्टँडवर एसटी लागलेली. गर्दीतून वाट काढत गंगाकाकू आल्या आणि खिडकीतून तेच बाळंतविड्याचं गाठोडं आत कोंबलं.

"घे. लाडू ताजे केलेत. टोपडं तिच्या लेकराला. तिकडं लई थंडी असती म्हनं."

आत्याने गाठोडं पोटाशी धरलं. गाडी हलली तशा काकू मागून ओरडल्या, "आन् मारू नको गं तिला!"

त्याच हिवाळ्यात आत्या तिकडेच वारली. कादंबरी मात्र पुरी करून गेली. शेवटचं पान मी गंगाकाकूंना वाचून दाखवलं. विहीर त्यात आहे. सुमन तिथे पाणी शेंदायला जाते, आणि भरली घागर घेऊन घरी येते.